गूगल समर ऑफ कोडसाठी मार्गदर्शक संस्था म्हणून अर्ज : छोट्या गटांसाठी तयारीची यादी

गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालू आहे : ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही वापरता आणि बदलता येतो अशा, प्रकल्पांत नवखे लोक मार्गदर्शकांच्या हाताखाली काम करतात आणि गूगल त्यांना मानधन देते. त्यात मार्गदर्शक संस्था म्हणून उतरू पाहणाऱ्या सोलापुरातील आणि आसपासच्या ओपन सोर्स गटांसाठी ही यादी आहे. मोठ्या संस्थांना तिची गरज नाही. ज्या गटांत नियमित काम करणारी पाच-सहाच माणसे आहेत आणि बैठका कोणाच्या तरी घराच्या पुढच्या खोलीत होतात, त्यांना ती उपयोगी पडेल. आमचा गट जेकार्ड मागावरच्या, म्हणजे उभे धागे वेगवेगळे उचलून नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, चादरीची नक्षी संगणकावर आखण्याचा प्रोग्रॅम सांभाळतो, म्हणून उदाहरणे तिथलीच घेतली आहेत. मागच्या खेपेस आमच्या प्रकल्प-कल्पनांच्या यादीची, म्हणजे सहभागींना कोणती कामे हाती घेता येतील हे सांगणाऱ्या पानाची, लिंक बाहेरच्या माणसाला उघडतच नव्हती आणि बाकी सगळा अर्ज व्यवस्थित असूनही तो वाया गेला. हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा येईल. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

आधी वेळेचे. संस्थांच्या अर्जांची मुदत साधारणपणे जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होते आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. २०२४ मध्ये ती ६ फेब्रुवारीला संपली, २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला. शेवटची वेळ १८:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे असे समजून कोणी बसू नये. सोलापुरात नेमका त्याच्या अगोदरचा काळ गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा, असतो. संक्रांतीच्या दिवसांत, नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा चालू असताना, कोणी संगणकासमोर बसेल ही आशा सोडावी आणि कल्पनांची यादी डिसेंबरअखेर लिहून संपवावी. मात्र पुण्याला, हैदराबादला नोकरीस असलेले सदस्य त्याच दिवसांत घरी येतात, तेव्हा मार्गदर्शक होण्याबद्दलचे त्यांचे होकार समोरासमोर बसून घ्यावेत. फोनवर दिलेला होकार मे महिन्यापर्यंत टिकत नाही.

किरकोळ गोष्टी एका दमात सांगतो. रेपॉझिटरीच्या (प्रकल्पाचा कोड ठेवलेल्या जागेच्या) मुळाशी परवान्याची फाइल हवी आणि तो परवाना ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या परवाने तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेला हवा. कोड सर्वांना दिसतो म्हणून तो ओपन सोर्स होत नाही. किमान दोन संस्था-प्रशासक लागतात, आणि एकाच घरातील दोघांना नेमणे टाळावे, कारण लग्नसराईत दोघेही एकदमच गावाला जातात. बोधचिन्ह, एका ओळीची ओळख, संपर्काचे माध्यम ही कामे कोणीही करू शकतो.

खरे काम कल्पनांच्या यादीचे आहे. अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि बहुतेक गट तो शेवटच्या दोन रात्रींत उरकतात. प्रत्येक कल्पनेस शीर्षक, दोन ते पाच वाक्यांचे वर्णन, अपेक्षित फलित, लागणारी कौशल्ये, संभाव्य मार्गदर्शकांची नावे, काठिण्यपातळी आणि कामाचा आकार, म्हणजे ९०, १७५ किंवा ३५० तास, एवढे हवेच. ‘प्रोग्रॅम अधिक वेगवान करणे’ ही कल्पना नव्हे, ती इच्छा आहे. आमच्या यादीत आता पुढीलप्रमाणे नोंद आहे : नक्षीची बिटमॅप (चौकटी-चौकटींच्या चित्राची) फाइल वाचून प्रत्येक ओळीत आडवा धागा सलग किती उभ्या धाग्यांवरून मोकळा जातो ते मोजावे, वापरणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तो लांब गेल्यास त्या चौकटीवर खूण करावी, आणि तपासणीसाठी दहा नमुना-नक्ष्यांचा संच सोबत द्यावा. असा मोकळा धागा वापरात अडकून निघतो हे मागावर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही, परंतु अर्जाचे परीक्षण करणाऱ्याने सोलापुरी चादर पाहिलेली नसते, म्हणून जेकार्ड म्हणजे काय हे यादीच्या आरंभी दोन वाक्यांत सांगितले आहे. बगांच्या (प्रोग्रॅममधल्या चुकांच्या) यादीची लिंक देऊन ‘यातले काहीही निवडा’ असे लिहिणाऱ्या गटाने अर्जाचा खटाटोप करूच नये.

आता तीच लिंक. यादी गटातल्या प्रत्येकाला उघडते, आणि घोटाळा नेमका त्यातच आहे. आमची यादी एका सदस्याने आपल्या महाविद्यालयाच्या ईमेल खात्यावरून तयार केली होती. अशा खात्यावरचे दस्तऐवज संस्थेबाहेरच्या कोणालाही उघडू नयेत अशी मर्यादा खाते चालवणारी संस्था घालू शकते. लिंक ज्यांनी तपासली ते सगळे त्याच महाविद्यालयाचे, त्याच खात्यांवर लॉगिन केलेले. त्यांच्यापुढे यादी क्षणात येत होती आणि बाहेरच्या माणसापुढे परवानगीची विनंती करण्याचे बटण येत होते. म्हणून यादी महाविद्यालयाच्या किंवा कंपनीच्या खात्यावर ठेवूच नये. गटाच्या सार्वजनिक रेपॉझिटरीत साध्या मजकुराची फाइल म्हणून ती ठेवावी, तिचे नाव एकदा ठरवावे आणि नंतर बदलू नये. स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायची असेल, तर डोमेनचे नूतनीकरण कधी आहे ते आधी पाहावे. लिंक तपासताना ब्राउझरची प्रायव्हेट विंडो वापरावी, आणि तेवढ्यावर न थांबता गटाशी संबंध नसलेल्या माणसाच्या मोबाइलवर, त्याच्या डेटावर, लॉगिन न करता ती उघडून पाहावी. शेजारचा किराणा दुकानदार चालेल. त्याला मजकूर कळण्याची गरज नाही. पान दिसले की पुरे.

मार्गदर्शकांबाबत भिडेला स्थान नाही. प्रत्येक कल्पनेमागे दोन माणसे हवीत, आणि दुसरे नाव शोभेचे नसावे. आठवड्याला चार-पाच तास, तेही नेहमीच्या प्रकल्पाची अवधी साधारण बारा आठवड्यांची असल्यामुळे सलग तीन महिने, देता येतील का हे स्पष्ट विचारावे. गूगल मार्गदर्शकाला थेट मानधन देत नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकावे. कोडिंगचा काळ मे अखेर किंवा जूनमध्ये सुरू होतो. त्या सुमारास विद्यापीठाच्या परीक्षा असतील तर शिक्षक-सदस्य त्यांत गुंतलेले असतात; वारीला पायी जाणारा सदस्य असेल तर त्याचे ते आठवडे हिशेबातून आधीच वजा करावेत. असे आठवडे तक्त्यात लिहून दुसऱ्या मार्गदर्शकाच्या नावापुढे टाकल्याशिवाय ती कल्पना यादीत ठेवू नये. ज्याला न विचारता नाव घातले आहे असा मार्गदर्शक यादीत असण्यापेक्षा कल्पनाच कमी असलेली बरी.

प्रश्नावलीत सहभागी होण्याचे कारण, मार्गदर्शकांना गुंतवून ठेवण्याची पद्धत, काम वेळापत्रकात राहावे म्हणूनचे उपाय आणि उपक्रम संपल्यावर नवा माणूस गटात टिकावा यासाठीचे प्रयत्न असे प्रश्न येतात. तेथे भाषण लिहू नये. ‘दर बुधवारी रात्री नऊला बैठक होते, दोन दिवस उत्तर न आल्यास दुसरा मार्गदर्शक फोन करतो’ अशा पद्धतीने जे खरोखर करणार तेच लिहावे. सहभागी केवळ विद्यार्थीच असतात, हा समज २०२२ पासून जुना झाला आहे. अठरा वर्षे पूर्ण केलेला आणि ओपन सोर्समध्ये नवखा असलेला कोणीही आता अर्ज करू शकतो, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द उत्तरांतून काढावा. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या गटाला ओळखणारी, पूर्वी या उपक्रमात असलेली एखादी संस्था असल्यास तिच्या लोकांशी डिसेंबरातच बोलून घ्यावे. प्रोग्रॅम पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत असेल तर स्वतंत्र अर्जाऐवजी पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली उपसंस्था म्हणून जाता येते का, हेही पाहावे. त्यांचे वेळापत्रक मात्र स्वतंत्र असते.

अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी भरावा. भरण्यापूर्वी लिंक परक्या मोबाइलवर उघडावी. भरल्यानंतर, अर्जाच्या चौकटीत चिकटवलेलीच लिंक तेथून उचलून पुन्हा उघडावी, कारण चिकटवताना शेवटचे अक्षर गळते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. मुदत संपली म्हणून विषय संपत नाही : यादी त्यानंतरच्या दिवसांत वाचली जाते आणि निकाल फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लागतो, तोवर रेपॉझिटरीची आवराआवर, फोल्डरांची नावे बदलणे, जुनी पाने काढणे हे सगळे बंद ठेवावे. कोणाला फारच उत्साह आला तर त्याला त्या काळापुरते लिहिण्याचे अधिकारच देऊ नयेत. रोज सकाळी एकाने लिंक उघडून ‘उघडली’ एवढे गटात लिहावे. हे अति वाटत असेल तर वाटू द्यावे.

निवड झाली तर पुढचे थोडक्यात. घोषणेच्या दिवसापासून चौकशांचा लोंढा येतो, म्हणून नवख्यांसाठी सोपी कामे आधीच वेगळी खूण करून ठेवावीत आणि चॅटवर पाळीपाळीने उत्तरे द्यावीत. यंत्राकडून लिहून घेतलेले, आपल्या प्रकल्पाचे नावही चुकवणारे प्रस्ताव येतील. ज्याने एक तरी छोटी दुरुस्ती करून पाठवली आहे त्याचाच प्रस्ताव बारकाईने वाचावा. गूगलकडे सहभागींसाठी जागा मागताना नव्या गटाने एक किंवा दोनच मागाव्यात. मधले आणि शेवटचे मूल्यमापन मार्गदर्शकाने वेळेत भरावे, सहभागीचे मानधन त्यावर अवलंबून असते. त्या तारखा दोन्ही प्रशासकांच्या मोबाइलमध्ये गजर लावून ठेवाव्यात.