कॅथलिक शाळेचा पाच वर्षांचा आराखडा: या चुका टाळा

आराखडा करायला बसलं की पहिला विषय निघतो इमारतीचा. नवा मजला, सभागृह, स्मार्ट बोर्ड. आर्किटेक्टचं चित्र भिंतीवर लागतं आणि मग त्याला शोभेलसं 'व्हिजन' लिहिलं जातं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आधी पट, मग माणसं, मग पैसा आणि वीट सगळ्यांत शेवटी, असा क्रम हवा.

एकूण पटावर विसंबणं

एकूण आकडा धोक्याची सूचना फार उशिरा देतो. समजा, 45 मुलांच्या तीन तुकड्यांप्रमाणे दहावीत 135 मुलं आहेत आणि यंदा पहिलीत 105 आली. दर वर्षी 135 बाहेर पडणार, 105 आत येणार. पाच वर्षांत 150 मुलं कमी. वर्गात 35 मुलं उरली तरी तुकड्या तीनच राहतात, शिक्षक तेवढेच लागतात. फी मात्र 150 जणांची बुडते. म्हणून गेल्या पाच वर्षांचा पट इयत्तावार मांडा.

त्याच्या शेजारी दोन याद्या ठेवा. पहिली, मुलांचे पत्ते पिनकोडनुसार. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेची कुटुंबं वडगाव शेरी, खराडी किंवा उंड्रीकडे सरकली असतील, तर प्रवेश घटण्याचं कारण फी नसून व्हॅनमधला तास-सव्वा तास असू शकतं. दुसरी यादी कोणी सहसा मागवत नाही: आसपासच्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीतले वर्षवार आकडे. आज बाप्तिस्मा झालेलं बाळ तीन वर्षांनी नर्सरीच्या दारात येतं. शाळेत कॅथलिक मुलं किती राहतील, याचा यापेक्षा स्वस्त अंदाज नाही.

सिस्टरांचं काम फुकटात धरणं

ताळेबंदात न दिसणारी सर्वांत मोठी देणगी म्हणजे व्रतस्थांचं काम. विनाअनुदानित शाळेत सिस्टर किंवा फादर बहुधा थोड्या मानधनावर काम करतात. अनुदानित शाळेत सरकारी पगार त्यांच्या धर्मसंघाकडे जातो आणि त्यातला काही भाग वेगळ्या वाटेनं शाळेतच परततो. नवी व्रतस्थ मंडळी कमी होत असताना या जागांवर प्रापंचिक शिक्षक येणार, हे धरूनच चाला. चार जागांवर प्रत्येकी महिना 20,000 रुपये मानधन जात असेल आणि त्याच पदाचा पूर्ण पगार 60,000 असेल, तर फरक वर्षाला 19,20,000 रुपयांचा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यावर वेगळी.

उपाय सोपा, पण बोचरा आहे. आजपासूनच अंदाजपत्रकात प्रत्येक व्रतस्थाची जागा पूर्ण पगारानं मांडा आणि वाचणारी रक्कम राखीव निधीत टाका. शाळा 'नफ्यात' आहे, हा समज पहिल्याच वर्षी उतरतो.

पैशाइतकाच प्रश्न ओळखीचा आहे. सकाळची प्रार्थना, कॅटेकिझम (कॅथलिक मुलांचं धर्मशिक्षण), इतर धर्मांच्या मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास हे सगळं एकाच सिस्टरच्या डोक्यात असेल, तर त्यांच्या बदलीबरोबर तेही जातं. किमान दोन प्रापंचिक शिक्षक त्यासाठी आधीच तयार हवेत.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवानियमांनुसार निवृत्ती 58 व्या वर्षी, त्यामुळे जन्मतारखांवरून पाच वर्षांतल्या रिकाम्या जागा आजच मोजता येतात. याच नियमांत अल्पसंख्याक संस्थेला मुख्याध्यापक निवडताना ज्येष्ठतेचं बंधन नाही. ही सवलत शेवटच्या महिन्यात वापरली की शिक्षक-खोलीत दोन तट पडतात. निवडलेल्या व्यक्तीला दोन वर्षं आधी उपमुख्याध्यापकपद द्या आणि वेळापत्रकाबरोबर हिशेबही हाताळू द्या.

टीईटीबाबत (शिक्षक पात्रता परीक्षा) 'आपण अल्पसंख्याक, आपल्याला लागू नाही' असं गृहीत धरू नका. सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. शिक्षकांच्या पात्रतेची यादी आत्ताच करून ठेवा.

फीचं कॅलेंडर विसरणं

आराखडा मार्चमध्ये मंजूर करून जूनपासून वाढीव फी धरणं, ही नेहमीची गफलत. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क कायद्यानुसार प्रस्ताव नव्या वर्षाच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावा लागतो आणि ठरलेली फी दोन वर्षं चालते. शाळा जूनच्या मध्याला सुरू होत असेल, तर प्रस्ताव डिसेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे आकडेमोड दिवाळीच्या सुट्टीतच उरकायला हवी. दोन वर्षांची मुदत नुकतीच सुरू झाली असेल, तर खर्चच पुढे ढकला.

जमीन कोणाची, हे न पाहणं

मैदान 'आपलंच' असतं, पण कागद धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) ट्रस्टच्या नावे असतो की धर्मसंघाच्या सोसायटीच्या? कॅन्टोन्मेंट हद्दीत 'ओल्ड ग्रँट' असेल, तर जमिनीची मालकी सरकारकडेच असते. सार्वजनिक न्यासाची बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायची झाली, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. हे कागद हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला बोलावू नका.

आराखडा एका फादरांचा असणं

बदली झाली की फाइल कपाटात जाते. नवे फादर नवं 'व्हिजन' आणतात. त्यासाठी आराखडा सोसायटीच्या सभेत ठराव करून इतिवृत्तात नोंदवा आणि प्रत्येक काम नावावर न लावता पदावर लावा. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करा. नाहीतर बँकेतली सही अडकते आणि छपराच्या दुरुस्तीचा चेकसुद्धा निघत नाही.