पाण्यात उभी कपाशी माना का टाकते?

बरेच दिवस पावसाची उघडीप असते, मग एका रात्रीत धो-धो पाऊस होतो आणि पात्याबोंडांनी लगडलेली कपाशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माना टाकते. भारी काळ्या जमिनीतली ही आकस्मिक मर. अशा वेळी आधी फवारणी पंप उचलू नका, फावडं उचला.

मुळांनाही श्वास लागतो. वाफशावरच्या, म्हणजे ना चिंब ना कोरड्या, जमिनीत मातीच्या कणांमध्ये हवा खेळती असते. पाणी साचलं की ती जागा पाणी घेतं, आणि पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून मुळाच्या पेशीला सुमारे ३० एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात. प्राणवायू संपला की मूळ साखर आंबवून दिवस काढतं, आणि तेवढ्याच साखरेतून हाती येतात फक्त २. साखरेचा साठा भराभर आटतो, पेशीत आम्लता वाढते. अन्नद्रव्यं ओढायला बळ राहत नाही, पाणीही नीट वर चढत नाही. त्यातच झाडात इथिलीन हा संप्रेरक वायू वाढतो आणि पातेगळ, म्हणजे कळ्यांची गळ, सुरू होते. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात म्हणून तो तगतो. कपाशी-तुरीला ते साधत नाही. सोयाबीन पिवळं पडतं, कारण मुळांवरच्या गाठींनाही नत्र बांधायला प्राणवायू हवाच असतो.

म्हणून पहिलं काम एकच: उताराच्या दिशेनं चर काढून पाणी शेताबाहेर घालवा, तेही त्याच दिवशी. चिबड, म्हणजे पाणी साचलेल्या, जमिनीत युरिया फेकू नका. मुळं तो घेऊ शकत नाहीत आणि बराचसा नत्र वायू होऊन उडून जातो.

झाडं सुकताना दिसली की २४ ते ४८ तासांच्या आत १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम कोबाल्ट क्लोराईड मिसळून फवारा. त्यानं इथिलीन तयार होणं रोखलं जातं. ते विषारी आहे, हातमोजे आणि मास्क घालाच. किंवा १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून सुकलेल्या झाडांच्या बुंध्याशी आळवणी करा, म्हणजे ते द्रावण ओता, आणि तिथली माती पायानं दाबून घ्या. उशीर झाला तर झाड क्वचितच सावरतं.

वाफसा येताच हलकी कोळपणी करा, म्हणजे वरची पापडी फुटून मुळांपर्यंत हवा पोचेल. वरची आळवणी सोडली, तर नवी पांढरी मुळी दिसल्यावरच जमिनीतून खत द्या. पुढच्या हंगामात अशा रानात कपाशी सऱ्या-वरंब्यांवर लावा.