कोकणातल्या नव्या घरासाठी बंदुकीची तिजोरी कशी निवडावी

जुन्या घरात बंदुकीची जागा ठरलेली असे. माजघराच्या भिंतीला दोन खुंट्या, त्यांवर आडवी ठेवलेली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, नाहीतर काडतुसांची बारा बोअरची. नव्या स्लॅबच्या घरात खुंट्या ठोकायला कुणी तयार नसते, म्हणून मग ती कपाटामागे, पलंगाखाली किंवा पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळून जाते. या सगळ्या जागा शाळकरी पोराला माहीत असतात. शिवाय परवान्याच्या अर्जासोबत बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी आपणच दिलेली असते.

रानडुकरे आणि माकडांच्या उपद्रवामुळे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच आहेत. त्यांनी तिजोरी घेताना आधी घरातल्या हातांचा विचार करावा, मग दमट हवेचा आणि शेवटी चोराचा. दुकानदार नेमका उलट क्रम सांगतो, कारण जाड पत्रा दाखवून विकणे सोपे असते.

१. आधी बंदूक मोजा

कॅटलॉग बघण्याआधी टेप घ्या. दुनळी बारा बोअर साधारण ४५ ते ४८ इंच भरते. ठासणीची त्याहून लांब असू शकते, आणि गावठी कारागिराने केलेली असेल तर तिचे माप कुठल्याच कॅटलॉगात सापडणार नाही. आतली उंची बंदुकीपेक्षा निदान तीन-चार इंच जास्त हवी. माप आतले विचारा. जाहिरातीत बाहेरचे छापलेले असते.

मधे बिजागरीवर दुमडणारी बंदूक असेल तर पुढची लाकडी मूठ काढून नळ्या आणि दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) वेगळे करता येतात. मग तीन फुटी तिजोरीतही काम भागते, आणि पैसे बरेच वाचतात. ठासणीच्या बंदुकीला मात्र ही सोय नाही.

‘दहा बंदुकांची’ तिजोरी आपल्याकडे कशाला? २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. एकत्र कुटुंबात दोघा भावांचे वेगवेगळे परवाने असतील तर मोठी एक घेण्यापेक्षा लहान दोन घ्याव्यात, म्हणजे एकाची चावी दुसऱ्याच्या हाती जात नाही.

२. पत्रा आणि वजन

कपड्यांच्या लोखंडी कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. पहारीने तो वाकतो, तेव्हा कपाटातले लॉकर म्हणजे बंदुकीची तिजोरी नव्हे. दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल अशी पेटी ३ मिलिमीटर पत्र्याची केली तर नुसता पत्राच ७५ ते ८० किलो भरतो, ६ मिलिमीटरची केली तर १५५च्या आसपास. बहुतेक घरांना ३ मिलिमीटरची अंगाची बाजू आणि ५-६ मिलिमीटरचे दार पुरते, पण ती बोल्टने जखडलेली हवी. न जखडलेली ८० किलोची पेटी दोन माणसे उचलून टेम्पोत घालतात. नावाजलेल्या कंपनीची घेत असाल तर भारतीय मानक आयएस ५५० प्रमाणे तपासलेली आहे का ते विचारा.

फॅब्रिकेटरकडून करून घ्यायलाही हरकत नाही, पण दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. बिजागऱ्या बाहेर असतील तर त्या कापल्या तरी दार निघता कामा नये, म्हणजे बिजागरीच्या बाजूलाही आत शिरणारे गज हवेत. आणि दाराच्या फटीत पहारीचे टोक शिरते का, तेही पाहा.

आगीपासून वाचवणाऱ्या तिजोऱ्यांबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. त्यांच्या भिंतींत बहुधा जिप्समसारखे पदार्थ असतात. त्यात पाणी बांधलेले असते आणि आगीत तेच वाफ होऊन आतला माल थंड ठेवते. पण बंद पेटीत हा ओलावा एरवीही त्रास देतो. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरात आगीपेक्षा गंज जास्त बंदुका खातो, तेव्हा कागदपत्रांसाठी वेगळी छोटी पेटी घ्या आणि बंदुकीची तिजोरी साध्या पोलादाची ठेवा.

३. कुलूप

बोटाच्या ठशाचे कुलूप दुकानात छान उघडते. काजूचा चीक लागून सोललेल्या, चिरा घासून गुळगुळीत झालेल्या, पावसात भिजलेल्या बोटाला ते ओळखत नाही. बटणांच्या कुलपाला पॉवरकट बाधत नाही, कारण ते सेलवर चालते; पण खाऱ्या हवेत सेलच्या पत्तीवर बुरशीसारखा थर चढतो, आणि पावसाळ्यात एके दिवशी दार उघडतच नाही. स्वस्तातली काही बटणांची कुलपे वरून जोरात आपटल्यावर सुटतात हीदेखील खरी गोष्ट आहे. समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत घर असेल तर चांगले लिव्हरचे किल्लीचे कुलूप घ्यावे. बटणांचेच हवे असेल तर सेल बदलण्याची जागा बाहेरून हवी आणि आणीबाणीची चावी वेगळी.

चावीचे काय? देवघरातल्या पेटीत, तांदळाच्या डब्यात, घड्याळामागे: या तिन्ही जागा पाहुण्यांनाही तोंडपाठ असतात. ‘थंयच ऱ्हांव दे, कोण हात लावतलो?’ असे आजी म्हणेल, तिचे ऐकू नका. चावी परवानाधारकाच्या कमरेला. दुसरी घराबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये.

४. जागा आणि चिरा

नव्या घराचा खरा फायदा इथे आहे, कारण गवंडी अजून कामावर असतो. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. त्यात नेहमीचे फुगणारे फास्टनर ठोकले की ते आवळताना दगडच फुटतो, किंवा वर्षभरात बोल्ट हलू लागतो. चिऱ्याच्या भिंतीत जाळीच्या नळीसह रासायनिक चिकटाचे अँकर घालतात, पण मला जमीन जास्त भरवशाची वाटते.

अर्थात जमीन म्हणजे फरशी नव्हे. आपल्याकडे जोत्यात मुरूम भरून त्यावर तीन-चार इंच पीसीसी (बिनसळईचे साधे काँक्रीट) आणि मग टाईल असते. एवढ्यात १२ मिलिमीटरचा बोल्ट नीट धरत नाही. फरशी बसण्याआधी तिजोरीच्या जागी तीनेक फूट लांब, दोन फूट रुंद आणि निदान सहा इंच जाडीचा सळया घातलेला काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या. बोल्ट तिजोरीच्या आतून, तळातून खाली जायला हवेत. तिजोरीखाली जाड रबर घाला, नाहीतर लादी पुसायचे पाणी तळाशी साचून रंगाखालून गंज धरतो.

पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा पश्चिम आणि दक्षिणेकडच्या बाहेरच्या भिंती टाळा. न्हाणीघराला लागून नको, जिन्याखालीही नको. आतल्या भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडा, हवा फिरते. नदीकाठी राहणाऱ्यांनी २२ जुलै २०२१चे चिपळूण आठवावे. वाशिष्ठीचे पाणी ज्या उंचीवर गेले होते ती खूण गावात कुणीही दाखवेल. त्या खाली बंदूक ठेवू नये. वरच्या मजल्यावर न्यायची तर तिजोरी भिंतीच्या कडेला, बीमच्या जवळ ठेवा आणि इंजिनिअरला वजन सांगा.

५. पावसाळ्याची तयारी

जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर हवेतला ओलावा ८५-९० टक्क्यांच्या घरात असतो. पोलाद ६० टक्क्यांवरच गंजायला लागते. म्हणून तिजोरी घेतानाच मागे खालच्या बाजूला वायर जाईल एवढे १५ मिलिमीटरचे भोक करून घ्या. त्यातून १२ ते १८ वॅटची गरम होणारी दांडी आत ठेवता येते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहिली की ओल धरत नाही. वीज गेलेल्या दिवसांसाठी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा. रंग बदलला की भट्टीत १२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरा, पण जेवणाच्या तव्यावर नको. स्वस्तात मिळणारा आर्द्रतामापक आत टांगा. काटा ५०च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा.

आत मखमल किंवा फोम चिकटवलेला असेल तर तो काढता येतो का विचारा, कारण तो पाणी धरतो. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात बंदूक तिजोरीत ठेवू नका, त्यात घाम कोंडतो. हात लागलेल्या प्रत्येक जागी तेलाचा पातळ हात फिरवा. नळी खाली तोंड करून उभी केली तर जास्तीचे तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. पावसात दर पंधरा दिवसांनी दार उघडून बघायचेच.

६. काडतुसे आणि दारू

काडतुसे वेगळ्या कुलपाच्या छोट्या पेटीत, वेगळ्या चावीने. बंदूक तिजोरीत जाताना रिकामी, आणि ती रिकामी आहे हे नळीत बघून ठरवायचे, आठवणीने नव्हे. ठासणीची असेल तर जास्त काळजी: भरलेली बंदूक वरून दिसत नाही, गज घालून खोली मोजावी लागते. काळी दारू पोलादाच्या घट्ट पेटीत ठेवू नका. पेटली तर ती पेटीच बॉम्ब होते. आणि दारू वापरल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल लावा. राखेतला क्षार तेलाखालूनही पोलाद खातो.

७. घर बंद असताना

चाकरमान्यांच्या घरांची खरी अडचण ही की गणपती आणि शिमगा सोडला तर घराला कुलूप. महिनोन्‌महिने रिकाम्या घरात कितीही चांगली तिजोरी असली तरी चोराला वेळच वेळ मिळतो. अशा वेळी परवानाधारक डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात बंदूक जमा करून पावती घ्या. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा हुकूम आलाच, तर हीच पावती उपयोगी पडते.

पत्ता बदलला की तीस दिवसांत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचे आहे, तेव्हा घरभरणीच्या यादीत ते काम लिहून टाका. बंदुकीचा नंबर, परवान्याची प्रत आणि तिजोरीच्या चावीचा क्रमांक तिजोरीत ठेवू नका. तिजोरीच गेली तर पोलिसांना तक्रारीत नेमके हेच लिहून द्यावे लागते.