लिप ग्लॉसच्या खोक्यावरील घटकांची यादी कशी वाचावी

लिप ग्लॉसच्या खोक्यावर समोर ठळक अक्षरांत जे छापलेले असते, ते आतल्या नळीत बहुधा सर्वांत कमी असते. मध, डाळिंब, शिया बटर, व्हिटॅमिन ई ही नावे चटकन डोळ्यांत भरतात. पण ओठांवर प्रत्यक्ष जो थर बसतो तो कशाचा, हे मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतील पहिली चार-पाच नावे सांगतात. म्हणून वाचनाची सुरुवात खोके उलटे करून करावी. पुण्यातल्या तुळशीबाग बाजाराच्या गर्दीत, दुकानदार मनगटावर एकामागून एक छटा लावून दाखवत असताना, हे अवघड जाते खरे. मात्र यादीचा मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून पाहिला, तर अर्धे काम तिथेच होते.

आधी यादीचा क्रम समजून घ्यावा. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे जे घटक १ टक्क्याहून अधिक प्रमाणात असतात, ते उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही १ टक्क्याची रेषा यादीत आखलेली नसते, पण ती ओळखण्याची एक खूण आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे माल खराब होऊ न देणारे रसायन, जास्तीत जास्त १ टक्काच वापरता येते, त्यामुळे यादीत ते नाव आले की त्यापुढचे सगळे चिमूटभर आहे असे समजावे. डाळिंबाचा अर्क त्याच्याही खाली असेल, तर तो नळीत आहे एवढेच म्हणता येईल. ओठांवर त्याचा काही परिणाम होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

इथे एक मेख आहे. ६० मिलिलीटरहून कमी द्रव आणि ३० ग्रॅमहून कमी घन वा अर्धघन पदार्थाच्या पॅकवर घटकांची यादी छापण्यातून सूट मिळते, आणि लिप ग्लॉसची नळी तर जेमतेम पाच-सहा मिलिलीटरची असते. त्यामुळे यादी नाही म्हणजे माल बनावट, असा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही बऱ्याच कंपन्या ती खोक्यावर किंवा संकेतस्थळावर देतात, आणि जी दोन्हीकडे देत नाही तिचा ग्लॉस घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओठांवर लावलेले थोडेफार पोटातही जातेच.

आता पहिली नावे. बहुतेक ग्लॉसमध्ये सुरुवातीलाच पॉलिब्यूटीन किंवा हायड्रोजनेटेड पॉलिआयसोब्यूटीन आढळते. हे पेट्रोलियमपासून तयार होणारे दाट, रंगहीन, गंधहीन द्रव आहेत. ओठांवरच्या बारीक रेषा भरून काढणारा जाड, गुळगुळीत थर त्यांच्यामुळे बसतो, त्यावरून प्रकाश सरळ परावर्तित होतो आणि ओठ ओले असल्यासारखे चमकतात. चमक टिकते ती ज्या चिकटपणामुळे, तोच चिकटपणा त्रासदायकही ठरतो. पुण्यात दुचाकीवर निघताना तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्या मुलींना हे वेगळे सांगायला नको: सिंहगड रस्त्यावरून डेक्कनला पोहोचेपर्यंत निम्मा ग्लॉस स्कार्फच्या आतल्या बाजूला लागलेला असतो आणि उरलेल्यात केस अडकलेले असतात. ज्यांना रोज असा प्रवास करावा लागतो, त्यांनी पॉलिब्यूटीन पहिल्या क्रमांकावर नसलेला ग्लॉस निवडावा. त्याजागी डायआयसोस्टिअरिल मॅलेट किंवा ऑक्टिलडोडेकॅनॉल अशी नावे आधी आली असतील, तर ग्लॉस हलका आणि कमी चिकट असण्याची शक्यता अधिक. अर्थात तो लवकर उतरतोही. लग्नसमारंभात चार तास टिकणारी चमक हवी असेल, तर मात्र चिकटपणा सोसावा लागेल.

रिसिनस कम्युनिस सीड ऑइल हे भारदस्त नाव वाचून बिचकू नये. ते आपले एरंडेल आहे. एरंडेल इतर वनस्पतिज तेलांपेक्षा बरेच दाट असते आणि रंगद्रव्ये त्यात चांगली मिसळतात, म्हणून ओठांच्या प्रसाधनांत ते फार पूर्वीपासून वापरले जाते. पॅराफिनम लिक्विडम म्हणजे खनिज तेल आणि पेट्रोलेटम म्हणजे पेट्रोलियम जेली. ही नावे पाहून अनेकजण नाक मुरडतात; पण प्रसाधनांसाठी शुद्ध केलेली पेट्रोलियम जेली ओठांतील ओलावा रोखून धरण्यात कित्येक महागड्या तेलांपेक्षा सरस आहे, आणि तिची ॲलर्जी क्वचितच होते. मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, कार्नोबा वॅक्स, सेरा आल्बा ही मेणे आहेत, पैकी शेवटचे मधमाश्यांचे. सिलिका डायमिथिल सिलिलेट ग्लॉस दाट करते आणि चमकीचे कण तळाशी बसू देत नाही.

यादीत ॲक्वा, म्हणजे पाणी, आहे का हेही पाहावे. नेहमीच्या ग्लॉसमध्ये ते नसते, आणि पाणी नसल्यास जिवाणू-बुरशी सहजासहजी वाढत नाहीत, म्हणजे पॅराबेनसारख्या परिरक्षकांची फारशी गरजच नसते. त्यामुळे अशा ग्लॉसवर ‘पॅराबेन-फ्री’ असे मिरवणे म्हणजे खाकऱ्याच्या पुडीवर ‘साखर नाही’ असे छापण्यापैकी आहे. पाण्याविना केलेल्या ग्लॉसचे खरे दुखणे वेगळे असते: त्यातील वनस्पतिज तेले हवेने खवट होतात. ते लांबवण्यासाठी टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई, किंवा बीएचटी घातलेले असते. समोर ‘व्हिटॅमिन ई युक्त’ असे जे लिहिलेले असते, ते पुष्कळदा ओठांसाठी नसून तेलासाठी असते.

रंग सहसा यादीच्या शेवटी, सीआय या अक्षरांनंतर पाच आकडी क्रमांकाने दिलेले असतात. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे लोहाचे ऑक्साइड. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. १५८५० हा कृत्रिम लाल रंग. झगमग येते ती मायकामुळे, म्हणजे अभ्रकामुळे. सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट हा प्रयोगशाळेत तयार केलेला अभ्रक आहे. शाकाहारी वाचकांनी ७५४७० हा क्रमांक अवश्य लक्षात ठेवावा, कारण तो कार्माइनचा आहे आणि कार्माइन कोचिनील नावाच्या कीटकांपासून काढतात. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते. टायटॅनियम डायऑक्साइड दिसले म्हणून उन्हापासून बचाव होईल असे मात्र धरू नये. खोक्यावर एसपीएफचा आकडा नसेल, तर ते केवळ रंगासाठी आहे.

तुळशीबागेत आणि फर्ग्युसन रस्त्यावर खपणारा ‘रंग बदलणारा’ ग्लॉस नळीत पारदर्शक दिसतो आणि ओठांवर गुलाबी होतो. प्रत्येकीच्या स्वभावाप्रमाणे छटा येते, असे विक्रेते रंगवून सांगतात. यादीत ४५३८० किंवा ४५४१० हा क्रमांक शोधावा, उलगडा होतो. या रंगद्रव्याचे रेणू आम्लरूपात जवळजवळ रंगहीन असतात. ओठांवरचा ओलावा आणि कमी आम्लता मिळताच त्यांची रचना बदलते आणि गुलाबी रंग प्रकट होतो. हा रंग त्वचेवर चढतो, त्यामुळे ग्लॉस पुसला तरी गुलाबी छटा राहते.

ओठ भरदार दिसतील असे सांगणाऱ्या ग्लॉसमध्ये मेंथॉल, कॅप्सिकम म्हणजे मिरचीचा अर्क, आले किंवा दालचिनीचे तेल असते. ओठ चुरचुरतात, रक्तप्रवाह वाढतो आणि थोडी सूज येते. परिणाम म्हणतात तो एवढाच, आणि तोही काही काळापुरता. पुण्याच्या कोरड्या थंडीत ओठ आधीच उललेले असताना असा ग्लॉस लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे. फ्लेवर, अरोमा आणि परफ्यूम या एकेका शब्दामागे अनेक रसायने दडलेली असू शकतात; ओठांना वारंवार खाज सुटत असेल किंवा कडांची साल निघत असेल, तर पहिला संशय त्यांच्यावर घ्यावा, मग लॅनोलिनवर. एरंडेलाचीही ॲलर्जी काहींना होते. गोड चवीच्या ग्लॉसचा आणखी एक तोटा असा, की ओठ चाटण्याची सवय लागते आणि लाळ सुकताना ओठ अधिकच कोरडे पडतात.

नवा ग्लॉस थेट ओठांवर न लावता कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून, काही दिवस रोज त्याच जागी लावत राहून पाहावे. खरेदी करताना उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि वापराची मुदत तपासावी. आयात मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असे असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत तो संपवावा, आणि खवट वास आला तर त्याआधीच टाकून द्यावा. खोके मात्र ग्लॉस संपेपर्यंत टाकू नये, निदान यादीचा फोटो तरी जपून ठेवावा, कारण ओठ सुजून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ आली, तर त्यात काय काय होते हे ते आधी विचारतील.