भेंडीवरील तुडतुडे: ओळख आणि बंदोबस्त

भेंडीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या की नत्र कमी पडले असे समजून अनेकदा युरियाचा हप्ता वाढवला जातो आणि नेमक्या त्या जादा नत्राने आलेल्या लुसलुशीत पालवीवर तुडतुडे आणखी वाढतात. म्हणून खताचा विचार करण्याआधी पान उलटून पाहावे. प्रौढ तुडतुडा सुमारे 3 मिलिमीटर लांब, पाचरीच्या आकाराचा व पोपटी रंगाचा असून त्याच्या दोन्ही पुढच्या पंखांच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो. झाडाला धक्का लागताच तो उडतो. त्यामुळे मोजणीसाठी पानामागे शिरांलगत बसणारी, पंख न फुटलेली पिल्लेच भरवशाची. बोट जवळ नेले की ती खेकड्यासारखी तिरपी पळतात, मावा ही दुसरी रसशोषक कीड अशी पळत नाही.

पिल्ले आणि प्रौढ रस शोषताना पानात लाळ सोडतात, त्यामुळे कडा आधी पिवळ्या, पुढे विटकरी होऊन वर वळतात आणि शेवटी पान करपते. कडांऐवजी शिरांचे जाळेच पिवळे दिसत असेल, तर तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा हळद्या रोग समजावा.

आठवड्यातून एकदा, सकाळी, शेतात तिरपे चालत वीसेक झाडांची वरची, मधली व खालची पाने तपासावीत. पिल्ले तुरळक असतील आणि ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक), जाळे विणणारे कोळी असे तुडतुडे खाणारे मित्रजीव दिसत असतील, तर फवारणीची घाई करू नये. संख्या वाढताना दिसली, तर 5 टक्के निंबोळी अर्क वापरावा: 5 किलो निंबोळ्या भरडून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, अर्क गाळून त्यात थोडा साबण मिसळावा, पाणी घालून एकूण 100 लिटर करावे आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असा फवारावा. अंडी पानाच्या शिरांच्या आत घातलेली असल्याने ती फवारणीतून वाचतात, म्हणून आठवडाभराने पुन्हा पाहणी करणे अत्यंत गरजेचे आहे.

तरीही आटोक्यात न आल्यास लेबलवर भेंडी आणि तुडतुडे या दोन्हींचा उल्लेख असलेलेच कीटकनाशक, दिलेल्या मात्रेतच घ्यावे; एकाच गटातील औषध पुन्हापुन्हा वापरल्यास कीड त्याला दाद देईनाशी होते. भेंडीची तोडणी एक-दोन दिवसांआड चालते, त्यामुळे काढणीयोग्य फळे आधी तोडूनच फवारणी करावी आणि लेबलवरील प्रतीक्षा काळ (फवारणी व तोडणी यांत सोडायचे किमान दिवस) संपेपर्यंत तयार होणारी भेंडी बाजारात पाठवू नये.