अमायलेज-लायपेज वाढून आलंय? रिपोर्ट असा वाचा

रोज सकाळी काउंटरवर एक तरी माणूस मोबाईल पुढं करतो आणि म्हणतो, "मालक, हे अमायलेज-लायपेज ठळक अक्षरात आलंय, काय झालंय ओ?" ही दोन्ही अन्न पचवणारी एन्झाईम, म्हणजे पाचक रसायनं, आणि रिपोर्टात ती स्वादुपिंडासाठी बघतात. मी सोलापुरात लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळं निदान काही सांगत नाही, पण रिपोर्ट बघायचा कसा आणि डॉक्टरकडं जाताना काय सांगायचं एवढं नक्की सांगता येतं.

त्याआधी एक गोष्ट. पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखालंय, कळ पाठीत जातीय, उलट्या थांबेनात, ताप आहे नाहीतर डोळे पिवळे दिसतायत, यातलं काही असेल तर हे वाचत बसू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. लिंबू-सोडा पिऊन सकाळपर्यंत थांबणारे लोक मी लई बघितलेत.

आता रिपोर्ट. आकडा बघू नका, शेजारी छापलेली नॉर्मल रेंज बघा. प्रत्येक लॅबची मशीन आणि केमिकल वेगळं असतं, एका ठिकाणी लायपेजची वरची मर्यादा ६० तर दुसरीकडं १६० असते, म्हणून मेव्हण्याच्या रिपोर्टशी आपला ताडून बघण्यात काही अर्थ नाही. आपला आकडा त्या वरच्या मर्यादेनं भागा. मर्यादा ६० आणि आकडा ७५ म्हणजे सव्वापट, आणि ६०० म्हणजे दहापट, या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वादुपिंडाला अचानक सूज आलीय असं म्हणायला डॉक्टर तीन गोष्टी बघतात: ठरावीक प्रकारची पोटदुखी, एन्झाईम तिप्पट किंवा त्याहून जास्त, आणि सोनोग्राफी-सीटीत दिसणारी सूज. तीनपैकी दोन जुळायला लागतात. म्हणजे दुखत काहीच नाही आणि आकडा दीडपट, तर लगेच रडारड नको. आणि आकडा जितका मोठा तितका आजार मोठा असंही नसतं बरं का, २००० वाला चार दिवसांत घरी जातो आणि ४०० वाला आयसीयूत असतो, असं होऊ शकतं.

मग बघा दोन्ही वाढलंय का एकच. लायपेज मुख्यतः स्वादुपिंडातनं येतं, पण अमायलेज लाळेतही असतं, कडक भाकरी तोंडात घोळवत राहिलं की गोडसर लागायला लागते ती त्याच्यामुळंच. एकदा एक काका आले, अमायलेज तिप्पट, लायपेज एकदम नॉर्मल, घरचे नेटवर कॅन्सरपर्यंत जाऊन आलेले. काकांनी तोंडावरचा रुमाल खाली केला तर उजवा गाल कानापर्यंत सुजलेला. डॉक्टरांनी गालगुंड सांगितलं. आकड्याच्या नादात गालाकडं कुणी बघितलंच नव्हतं! कधी कधी अमायलेज रक्तातल्या मोठ्या प्रथिनाला चिकटून बसतं, मग ते किडनीतनं गाळून जात नाही आणि रक्तात वाढलेलंच दिसत राहतं, त्याचा काही त्रास नसतो, लघवीतलं अमायलेज तपासलं की अंदाज येतो.

रक्त कधी दिलं तेही महत्त्वाचं. अमायलेज काही तासांत चढतं आणि ३ ते ५ दिवसांत उतरतं, लायपेज मात्र ८ ते १४ दिवस रेंगाळतं. रविवारी लग्नात पोट दुखलं आणि शुक्रवारी रक्त दिलं तर अमायलेज नॉर्मल, लायपेज वाढलेलं असं येऊ शकतं, त्यात लॅबची चूक नाही ओ.

आता कारणं. सगळ्यात जास्त दिसतात ती दोन, पित्ताशयातले खडे आणि दारू. "काल सावजी मटण हाणलं म्हणून वाढलं का?" असं विचारतात, तर निरोगी माणसाचं एका जेवणानं तिप्पट होत नाही, पण खडा असेल तर तेलकट जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावतं, खडा सरकून नळीत अडकतो आणि कळ सुरू होते. सोनोग्राफीला उपाशीपोटी जा म्हणतात ते यासाठीच, खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत. दारूचं बायकोसमोर सांगायचं नसेल तर तिला बाहेर बसवा, पण डॉक्टरला खरं सांगा, किती आणि किती वर्षं.

तिसरं कारण मी डोळ्यानं बघितलेलं. सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवायची मशीन) थांबलं, ट्यूब बाहेर काढली, सिरम म्हणजे रक्ताचा वर राहणारा पातळ भाग पिवळसर पारदर्शक पाहिजे तर ते चक्क दुधासारखं पांढरं. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, १००० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला धोका असतो, आणि गंमत म्हणजे अशा सॅम्पलमध्ये अमायलेज खोटं कमी येऊ शकतं, म्हणून तेवढ्यावर विसंबून चालत नाही. ॲडमिट होऊन उपास सुरू झाला की ट्रायग्लिसराईड भराभर उतरतं, त्यामुळं ती टेस्ट पहिल्याच दिवशी झालेली बरी.

रक्तातलं कॅल्शियम जास्त असणं हेही एक कारण आहे, ते बऱ्याचदा राहून जातं. गोळ्यांमुळंही होतं: प्रतिकारशक्ती दाबणारी ॲझाथायोप्रिन, फिटची व्हॅल्प्रोएट, शुगरच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या आणि हल्ली वजनासाठी घेतात ती सेमाग्लुटाईडसारखी इंजेक्शनं. पण म्हणून स्वतःच्या मनानं फिटची गोळी बंद केलीत तर वेगळंच निस्तरावं लागेल.

आणि स्वादुपिंड ठणठणीत असूनही वाढतं. किडनी कमजोर असेल तर एन्झाईम बाहेर पडत नाहीत, म्हणून क्रिएटिनिन ही किडनीची टेस्ट सोबत बघायची. आतड्याला पीळ, अल्सर फुटणं, शुगर बेफाम वाढून रक्तात कीटोन नावाचं आम्ल साठणं, बाईला गर्भ नळीत राहणं, यातही वाढतं आणि यातलं कुठलंच थांबण्यासारखं नाही. आपल्याकडं द्राक्ष-डाळिंबाच्या बागा, फवारणी कायमची, काही कीटकनाशकांची विषबाधा झाली तरी अमायलेज चढतं, म्हणून फवारणी करून आल्यावर त्रास झाला असेल तर औषधाचा डबा बरोबर घेऊन जा.

बाकीच्यांनी जाताना एका कागदावर लिहा: कधी दुखलं, रक्त किती वाजता दिलं, कुठल्या गोळ्या चालू, दारू, खड्यांचा इतिहास. जुना रिपोर्ट असेल तर तो पण पिशवीत टाका, काही लोकांचं कुठलाच आजार नसताना वर्षानुवर्षं थोडं वाढलेलंच असतं, आणि तीन वर्षांपूर्वीही १४० आणि आजही १४० हे डॉक्टरला जुना कागद बघितल्याशिवाय कळणार कसं.