नाला साफ करून घ्यायचा, पण कुणाकडून?

निवेदन दिलं, साहेबांसोबत फोटो काढला, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला. बेळगावात नाल्याच्या बाबतीत एवढ्यावर समाधान मानायची सवय आपल्याला लागली आहे. माझं शेत शहापूर-वडगावकडच्या शिवारात, बळ्ळारी नाल्याला लागून. पावसाळ्यात जलपर्णीनं नाला तुंबतो, पाणी फुगून भातात शिरतं आणि ते नुसतं पावसाचं नसतं, शहरातलं सांडपाणीही त्यात असतं. एकेकाळी या मातीतला बासमती शिजला की गल्लीभर कळायचं. आता भांगलणीला बायका उतरायला तयार होत नाहीत, पायाला खाज सुटते म्हणतात. असो. कुठला कागद कुठल्या टेबलावर ठेवला की हालचाल होते, तेवढं सांगतो.

आधी नाल्याच्या काठानं चाला. उन्हाळ्यातच चाला, म्हणजे पाणी कमी असतं आणि कुठलं गटार कुठे येऊन मिळतं ते उघडं दिसतं. गावनकाशाची प्रत बरोबर ठेवा, प्रत्येक तोंडाजवळचा सर्व्हे नंबर लिहा, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून फोटो घ्या. या कंटाळवाण्या कामाशिवाय पुढचं काहीच होत नाही, कारण नाला एक असला तरी त्याचे धनी अनेक. शहराच्या हद्दीत महापालिका, हद्द संपली की ग्रामपंचायत, भुयारी गटारीचं नवं काम असेल तर बऱ्याचदा नागरी पाणीपुरवठा व गटार मंडळ, कारखान्याचं पाणी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, काठ कुणी बळकावला असेल तर तहसीलदार आणि भूमापन खातं. एकच निवेदन सगळ्यांना पाठवलं की प्रत्येकाला ते दुसऱ्याचं वाटतं. म्हणून एका कार्यालयाला एकच जागा दाखवायची आणि एकच मागणी करायची. ‘नाला स्वच्छ करा’ म्हटलं तर ‘केला’ असं उत्तर येतं. ‘अमुक सर्व्हे नंबरजवळच्या पुलाखाली उघडे पडलेले पाइप भुयारी गटारीला जोडा’ म्हटलं की कुणाला तरी पुलाखाली जाऊन बघावं लागतं.

महापालिकेत ५८ प्रभाग. यातली गोम अशी की घाण ज्या प्रभागातून नाल्यात येते, तिथला नगरसेवक आपल्या मतावर निवडून येत नाही. आपण तावातावानं बोलून उपयोग नाही. त्या प्रभागातले सोयरे शोधा आणि अर्जावर त्यांच्या सह्या घ्या. बेळगावात कुणाची सोयरीक कुठे नाही? आणि मागणी डिसेंबर-जानेवारीत द्या, अर्थसंकल्प ठरायच्या आधी. मे महिन्यात दिलेल्या निवेदनावर फार तर एक जेसीबी येतो.

तो जेसीबी आला की शेताकडे पाठ करून उभे राहू नका. गाळ काढून काठावरच ढीग मारतात आणि मिरगाच्या पहिल्या सरीला तो परत आत जातो. जलपर्णीचंही तसंच. तुकडे पाण्यात राहिले की तेवढ्यावरच ती पुन्हा पसरते, पोषक पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. ती काढून नाल्यापासून लांब नेऊन वाळवली पाहिजे. कामावर असतील त्यांना विचारा, गाळ कुठे टाकणार? ट्रॅक्टरच्या फेऱ्या मोजा, तारखेनिशी वहीत लिहा. नंतर माहिती अधिकारात कामाचा आदेश, अंदाजपत्रक आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तकाची प्रत मागा. तुमच्या वहीतल्या फेऱ्या आणि एमबीतले घनमीटर शेजारी ठेवले की बोलायला फारसं काही उरत नाही. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा कागद आहे, आणि तोच कुणी मागत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र मराठीत देऊन फसू नका. २००५ च्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हटलंय. कन्नड येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

निवेदनाची गोष्ट वेगळी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी एका कार्यालयात मला कन्नडमध्ये आणा म्हणून परत पाठवलं होतं. भांडलो असतो तर दिवस गेला असता. तेव्हापासून वर मराठी, खाली कन्नड तर्जुमा जोडतो. शेजारचा कॉलेजातला पोरगा करून देतो. हक्काचा मुद्दा सोडायचा नाही, पण त्यापायी नाला तुंबलेला ठेवायचा नाही. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रदूषण मंडळाकडे जाताना १९७४ चा जलप्रदूषण कायदा लक्षात ठेवा. त्यात सध्या कोरडा असलेला प्रवाहसुद्धा प्रवाहच धरलाय, त्यामुळे ‘तो नाला उन्हाळ्यात आटतो’ हे उत्तर टिकत नाही. बाटलीत पाणी भरून आपण खासगी प्रयोगशाळेतून तपासून आणतो, ते स्वतःच्या माहितीपुरतं ठीक. कोर्टात चालायचा तो मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेतलेला नमुना. म्हणून अर्जात नमुना घेण्याचीच मागणी करा, तीही पावसाआधी. पावसात सगळंच पातळ होतं. अहवाल आला की बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचा, आकडा बघा. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतो.

शहराखालच्या गावांतल्या पंचायतीचा शहराच्या गटारावर अधिकार नाही, पण ग्रामसभेच्या ठरावाला वजन असतं. सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा व्हायलाच हवी. ठराव पीडीओनं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यानं, इतिवृत्तात लिहिला का ते तिथेच वाचून घ्या आणि प्रत मागा. त्याच सभेत चिकन दुकानांची पिसं-आतडी नाल्यात कोण टाकतं, तेही निघू द्या. ते मात्र पंचायतीच्याच हातात आहे.

एवढं करूनही कुणी हललं नाही तर राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायाधिकरण. कर्नाटकासाठी चेन्नईचं खंडपीठ. अर्ज साधारणपणे वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जायला हवा. तारखा लिहून ठेवा म्हणतो ते यासाठी.

चिकोडी, अथणीकडच्यांचं दुखणं आणखी निराळं. पंचगंगा कोल्हापूर-इचलकरंजीचं पाणी घेऊन नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे आपल्याकडे येते. इथल्या पंचायतीला कितीही धरा, मूळ पलीकडे. तेव्हा महाराष्ट्राच्या प्रदूषण मंडळाकडे आणि तिथल्या पालिकांकडे माहिती मागा. देशातला कुठलाही नागरिक मागू शकतो. तिथली राजभाषा मराठी असल्यामुळे तो अर्ज तरी आपल्या भाषेत जातो. सोबत इकडच्या मंडळाच्या अहवालाची झेरॉक्स जोडा.